डुआयडीनं कट्ट्याला जावं का?

ताई, नमस्कार.

मी चव्वेचाळीस वर्षांचा, राहायला कल्याणला. किल्ल्यांचा नाद आहे. एका मराठी संकेतस्थळावर मी पूर्वी भटकंतीचे धागे लिहायचो, वाहवा मिळायची. 2017 च्या पावसाळ्याअखेरीस अलंग-मदन-कुलंगला गेलो. कुलंग आधी झाला होता. या खेपेला अलंग आणि मदनच्या मधल्या खिंडीपर्यंत पोचलो, पण पुढे दोर लावून कडा चढायचा होता, तिथे माझा धीर सुटला. बाकीचे वर गेले, मी खिंडीत सॅका राखत बसलो. घरी येऊन मात्र तिन्ही किल्ले केल्याचं लिहिलं. वरचं वर्णन आणि सहा फोटो एका गृहस्थांच्या ब्लॉगवरून उचलले.

एका जुन्या सदस्यानं विचारलं, 'लेखात पावसाळ्याअखेरची सोनकीची फुलं फुलली आहेत आणि फोटोत गवत वाळलेलं दिसतंय, हे कसं काय?' मग ते गृहस्थ स्वतःच आले. 'हे फोटो माझे आहेत', एवढंच लिहिलं त्यांनी. मी उलट त्यांच्यावरच उखडलो, तुम्हीच माझे ढापले असतील, पुरावा द्या म्हणालो. त्यांना मूळ फोटो तारखेसकट टाकावे लागले. दोन दिवसांत धाग्यानं शंभरी गाठली आणि संपादकांनी माझा आयडी उडवला.

तीन वर्षं वाचनमात्र होतो. लॉकडाउनमध्ये नवा आयडी घेतला. तेव्हापासून जे चढलो तेच लिहितो, जे जमलं नाही तेही लिहितो. आता दोन गोष्टी एकदम समोर आल्या आहेत. साइटच्या दिवाळी अंकाच्या संपादक मंडळात येता का, अशी विचारणा झाली आहे. आणि ज्यांचे फोटो मी उचलले होते ते गृहस्थ माझ्या धाग्यांवर आवर्जून प्रतिसाद देतात, दोन वर्षांपासून आमचं व्यनितून बोलणं होतं. पुढच्या महिन्यात ठाण्याला कट्टा आहे, 'या, भेटूच एकदा' म्हणतायत.

बायको म्हणते, गाडलेली मढी उकरू नका. मित्र म्हणतो, युरोपात तर विसरलं जाण्याचा कायदेशीर हक्क आहे. मलाही वाटतं, इतकी वर्षं मनातल्या मनात शिक्षा भोगलीच की. एक माफीपत्र लिहून ठेवलंय, सोबत जोडतो. पाठवू का? की नवा आयडी हीच माझी दुसरी संधी समजून पुढे जाऊ?

— एक डुआयडी

*

नमस्कार.

सांगा. त्या गृहस्थांना आधी सांगा, कट्ट्याच्या आधी सांगा, आणि सोबत जोडलेलं पत्र मात्र पाठवू नका. त्या पत्राचा समाचार पुढे घेतेच.

या दुनियेत ज्यांचा वावर नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. 1996 साली मायबोली हे संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून मराठीत गप्पांची, लेखनाची, भांडणांची अशी अनेक ठिकाणं आंतरजालावर उभी राहिली. तिथे लोक टोपणनावानं वावरतात, त्या नावाला आयडी म्हणतात. एकाच माणसानं गुपचूप घेतलेला दुसरा आयडी म्हणजे डुआयडी. लेख किंवा चर्चा म्हणजे धागा, खासगी निरोप म्हणजे व्यनि आणि प्रत्यक्ष भेटणं म्हणजे कुठे कट्टा, कुठे गटग. बाहेरच्याला हा सगळा पोरखेळ वाटेल. पण वर्षानुवर्षं रोज रात्री जेवणानंतर ज्यांच्याशी आपण बोलतो, ज्यांच्या घरातली आजारपणं आणि मुलांचे निकाल आपल्याला ठाऊक असतात, ती माणसं खरी असतात आणि त्यांच्याशी केलेली लबाडीही खरी असते.

आधी तुमच्या बायकोची बाजू घेते, कारण तिचं म्हणणं पुष्कळ वेळा बरोबर असतं. झालंगेलं सगळं सगळ्यांना सांगत सुटायचं काही कारण नाही. एखाद्या बाईनं मागे लागलेल्या माणसाला कंटाळून जुनं नाव टाकलं आणि नवं घेतलं, तर ती कुणालाही खुलासा देणं लागत नाही. व्यसन सोडलेला, धंद्यात बुडालेला, घटस्फोट झालेला माणूस नव्या गावात नवी पाटी लावतो; शेजाऱ्यांना त्यानं पूर्वेतिहास वाचून दाखवावा असं मी म्हणणार नाही. कायद्यालाही हे कळतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा डाग पुढच्या आयुष्यात त्याला आडवा येऊ नये, ठरावीक मुदतीनंतर त्या नोंदी नष्ट कराव्यात, अशी तरतूद आहे. अपवाद आहेत, पण थोडे. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात तिथे तुमच्या जुन्या प्रकरणाशी काहीच संबंध नसलेली माणसं असती, तर मीही म्हटलं असतं की लिहा, फिरा, मजा करा.

पण तुम्ही त्याच अंगणात परत आलात. आणि त्या अंगणात ज्यांना तुम्ही खोटं पाडायला निघाला होतात, तेच आज तुम्हाला भेटायला बोलावतायत. तुम्ही कोण हे त्यांना ठाऊक नाही आणि ते कोण हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षं ते या असल्या व्यवहारात आहेत. त्यांनी तुमच्या धाग्याला 'प्रामाणिक लेखन' म्हटलं असेल, एखादी वाट समजावून सांगितली असेल, कदाचित बोलता बोलता 2017 चा तो किस्साही ऐकवला असेल. तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत? पत्रात नाही. तसं काही झालं असेल तर तेही तुम्हाला सांगावं लागणार आहे.

तुमचा प्रश्न असा आहे की नवा आयडी हीच दुसरी संधी समजू का. नाही. नवी सुरुवात माणूस एकट्यानं करू शकतो आणि ती तुम्ही केलीत, चांगली केलीत. दुसरी संधी दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते, आणि आपण ती कुणाला देतोय हे देणाऱ्याला माहीत असावं लागतं. तुम्हाला ती अजून कुणी दिलेलीच नाही. संपादकांनी दार बंद केलं होतं, तुम्ही मागच्या खिडकीतून आत येऊन बसलात. आत आल्यावर नीट वागलात हे खरं. ते मोजलं जाईल का? जाईल, आणि जायलाच हवं. पण तुम्ही स्वतः उभं राहून सांगितल्यावर. दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर हीच सगळी वर्षं तुमच्या विरुद्ध मोजली जातील: 'इतकी वर्षं आम्हाला बनवत होता.'

आणि शोधून काढणं मुळीच अवघड नाही. सोनकी आणि वाळलेलं गवत यांचा मेळ घालणारी नजर त्या साइटवर अजून शाबूत असणार. जुनी पानं जतन करणारी संग्रहस्थळं आहेत. धागा साइटवरून काढला असला तरी कुठेतरी त्याची प्रत असू शकते. शिवाय लिहिण्याच्या लकबी लपत नाहीत. तुमच्या या एका पत्रातही एक लकब तीनदा आलीय, कुठली ते मी इथे छापत नाही.

मित्रानं सांगितलेल्या युरोपच्या हक्काचं काय, ते जरा तपशिलात बघू, कारण हा मुद्दा हल्ली फार जणांच्या तोंडी असतो आणि अर्धवट असतो. एका स्पॅनिश गृहस्थांची मालमत्ता थकबाकीपोटी लिलावाला निघाली होती. त्याच्या जाहिराती 1998 साली तिथल्या एका दैनिकात छापून आल्या. देणं कधीच फिटलं, पण पुढे कित्येक वर्षं गूगलवर त्यांचं नाव टाकलं की त्या जाहिराती पुढे यायच्या. ते भांडत भांडत युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि 13 मे 2014 ला निकाल लागला: नावानं शोध घेतल्यावर येणारा, आता गैरलागू झालेला दुवा गूगलनं काढावा. दैनिकातली मूळ जाहिरात मात्र जागच्या जागी राहिली. (त्या खटल्यामुळे त्यांची ती थकबाकी जगभर माहीत झाली, हा भाग वेगळा.) म्हणजे हा हक्क शोधयंत्राच्या यादीपुरता होता, आणि तोही जिथे हिशेब मिटलेला आहे अशा गोष्टीपुरता. ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी आपण कोण हे लपवून मैत्री करण्याचा हक्क यातून निघत नाही. आणि तुमचा हिशेब मिटलेला नाही. 'मनातल्या मनात शिक्षा भोगली' म्हणता. ती तुम्हीच ठरवलीत, तुम्हीच मोजलीत आणि संपल्याचंही तुम्हीच जाहीर केलंत. दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्यातलं काय मिळालं?

तुम्ही ज्या पेचात आहात तो जुना आहे आणि मोठ्या ठिकाणी त्याचे नियमही झालेत. इंग्रजी विकिपीडियावर कुणी जुनं खातं सोडून नव्या नावानं कोऱ्या पाटीवर सुरुवात करू शकतो. फक्त त्याच्यावर बंदी किंवा निर्बंध चालू असता कामा नयेत, आणि ओळखला गेला तर जुन्या खात्याचे हिशेबही नव्याला चिकटतात. ज्याला बंदी करून बाहेर काढलंय त्याची वाट वेगळी आहे. त्यानं सहा महिने लांब राहायचं, त्या काळात दुसऱ्या नावानं घुसायचं नाही, पुन्हा तसं करणार नाही असं सांगायचं आणि मग उघडपणे परत घ्या म्हणून विचारायचं. तीन वर्षं वाचनमात्र राहून यातला सगळ्यात कठीण भाग तुम्ही पार पाडला होतात. विचारायचं तेवढं टाळलंत. 2020 साली एक ईमेल संपादकांना गेली असती तर कदाचित होच म्हणाले असते.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. 1939 साली, औंध संस्थानाच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यानं ती उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहायचे, शेती करायचे, बायकामुलं सोबत असायची. माणदेशातल्या त्या कोरड्या जमिनीवर हा प्रयोग टिकला. तिथे राहणारे कोण आहेत हे लपवायची कुणाला गरज नव्हती. विश्वास टाकायचा होता तो सगळं माहीत असूनच. तुमचा अपराध त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. मग नाव लपवून का बसायचं?

आता पत्र. तुम्ही लिहिलंय: 'त्या काळात माझ्या नोकरीवर टांगती तलवार होती आणि वडिलांचं आजारपण चालू होतं. त्या मनःस्थितीत माझ्याकडून एक चूक घडली. माझ्यामुळे आपण दुखावले गेला असाल तर मी मनापासून दिलगीर आहे. गेली काही वर्षं मी किती प्रामाणिकपणे लिहितोय हे आपण पाहिलंच आहे. आपण मोठ्या मनानं मला माफ कराल आणि आपली मैत्री अशीच राहील, अशी आशा करतो.'

राग मानू नका, पण हे पत्र त्यांच्यासाठी लिहिलेलंच नाही. वडिलांचं आजारपण वाईटच, पण त्याचा मदनच्या कड्याशी काय संबंध? ती वाक्यं पहिल्या ओळीत आली की वाचणाऱ्याला रागवायच्याही आधी तुमची कीव करावी लागते. 'चूक घडली' म्हणता. पण सहा फोटो एकेक करून उतरवून घेणं, परिच्छेद उचलून त्यात सोनकी पेरणं, यातलं काहीही आपोआप घडत नाही. ती सोनकी तुम्ही तुमची घातलीत हो, तीच नडली. 'दुखावले गेला असाल तर' यातल्या 'तर'ला जागाच नाही. शंभर प्रतिसादांच्या धाग्यावर भल्या माणसाला स्वतःच्याच फोटोंचे पुरावे जमवायला लावलेत, दुखावले कसे नसतील? मग प्रामाणिक लेखनाची गोष्ट: त्यांनी अजाणता केलेलं कौतुक तुम्ही त्यांच्याच पुढे साक्षीला उभं करताय. आणि 'मोठ्या मनानं' हे तर सगळ्यात वाईट. त्यांनी माफ केलं नाही तर मन लहान ठरणार त्यांचं! आपल्याकडे माफी मागताना ही खुबी सर्रास वापरतात, लग्नघरातल्या रुसव्याफुगव्यापासून पुढाऱ्यांच्या पत्रकांपर्यंत.

पण खरी गोम पत्रात जे नाही त्यात आहे. फोटोंबद्दल तुम्ही निदान आडून बोललात. उलटा आळ घेतल्याबद्दल एक अक्षर नाही. माझा अंदाज सांगते: फोटो उचलल्याचं ते केव्हाच विसरले असतील. ब्लॉग लिहिणाऱ्यांचे फोटो रोज कुणी ना कुणी उचलतं, शुभेच्छांच्या चित्रांतसुद्धा सापडतात. चारचौघांत 'तूच चोर' म्हटलेलं माणूस विसरत नाही. माफी त्याची मागायची आहे. दुसरी राहिलेली गोष्ट म्हणजे गेली दोन वर्षं. तो मोठा आणि ताजा घाव आहे, आणि तो तुमचं पत्र वाचतानाच त्यांना बसणार आहे.

तेव्हा छोटं लिहा. साधारण असं:

'2017 साली अलंग-मदनच्या धाग्यात तुमचे सहा फोटो आणि तुमच्या ब्लॉगमधला मजकूर स्वतःचा म्हणून टाकणारा, आणि तुम्ही हटकल्यावर तुमच्यावरच चोरीचा आळ घेणारा माणूस मी आहे. त्या दिवशी मी खिंडीतून मागे फिरलो होतो. माझा आयडी बंद झाल्यावर मी न विचारता नव्या नावानं परत आलो आणि तुमच्याशी इतके दिवस बोलत राहिलो, तेव्हाही सांगितलं नाही. या सगळ्याबद्दल मी तुमची माफी मागतो. तुम्ही कट्ट्याला बोलावलंत. आपण कुणाला भेटतोय हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं. हे तुम्ही कुणालाही सांगू शकता. आठवड्याभरात मी स्वतः संपादकांना कळवणार आहे. तो जुना धागा किंवा ते फोटो यांचं काय करावं असं तुम्हाला वाटत असेल ते सांगितलंत, तर तसं करायचा प्रयत्न करीन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.'

खाली खरं नाव, आडनावासकट. व्यनितून पाठवू नका, तिथे तुमचा डुआयडीच बोलेल. त्यांचा ईमेल पत्ता ब्लॉगवर असेलच, त्यावर पाठवा. फोन करू नका. फोनवर समोरच्याला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं, आणि आपली माणसं संकोचानं 'अहो जाऊ द्या, त्यात काय' म्हणून मोकळी होतात; राग मग रात्री येतो आणि त्याला वाट मिळत नाही. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन सांगायचा विचार असेल तर तोही सोडा. पंधरा माणसांसमोर चेहरा सांभाळायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आणू नका.

जुन्या धाग्याबद्दल मुद्दाम लिहायला सांगितलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 57 सांगतं, की निर्मात्यानं हक्क विकून टाकले तरी निर्मितीशी त्याचं नाव जोडलेलं राहण्याचा हक्क त्याचाच. तुम्हाला कोर्टाची भीती घालत नाहीये. पण तो धागा अजून कुठे उघडत असेल तर त्या फोटोंखाली आजही बंद झालेल्या आयडीचं, म्हणजे तुमचं नाव असेल. ते दुरुस्त करून घेणं किंवा फोटो काढून टाकायला लावणं ही एक ठोस, करण्यासारखी गोष्ट आहे. भावनेनं ओथंबलेल्या चार परिच्छेदांपेक्षा ती बरी.

संपादकांना आठवड्यानं का? सगळ्यात आधी ऐकण्याचा मान त्या गृहस्थांचा म्हणून, आणि पुढे हे कसं, किती सांगितलं जावं याबद्दल त्यांचं काही म्हणणं असेल तर ते तुमच्यापर्यंत यायला वेळ मिळावा म्हणून. त्यापेक्षा जास्त लांबवू नका. एका माणसाला गुपित सांभाळायला लावणं हाही जाचच. संपादकांना लिहिताना दोन्ही आयडी स्पष्ट लिहा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. जाहीर धागा काढून कबुलीजबाब द्यायची हौस मात्र आवरा. 'मला काही सांगायचंय' असा धागा आला की दोनशे प्रतिसाद, अर्धे शाबासकीचे, अर्धे शिव्यांचे, आणि मध्यभागी पुन्हा तुम्हीच. संपादक म्हणाले की सभासदांना कळायला हवं, तर दोन ओळींचं निवेदन द्या आणि प्रतिसादांना उत्तरं देत बसू नका.

संपादक मंडळाचं निमंत्रण आजच नाकारा. दिवाळी अंकाच्या संपादकाचं पहिलं काम काय, तर आलेलं साहित्य लिहिणाऱ्याचं स्वतःचं आहे ना हे बघणं. कुणाचा चोरलेला लेख समोर आला तर तुम्ही काय करणार? जास्तच कडक वागाल किंवा जास्तच सैल, दोन्ही बाजूंनी गोची. आणि नकार देताना 'सध्या कामाचा फार ताण आहे' अशी थाप मारू नका, नव्या खोट्याची भर नको. 'एक गोष्ट तुम्हाला कळवायची आहे, ती कळल्यावर तुम्हीच ठरवा' एवढं पुरे.

काय होईल? संपादक हाही आयडी उडवू शकतात, तसा त्यांना अधिकार आहे, आणि तसं झालं तर तिसरा घेऊ नका. सहा महिने-वर्ष जाऊ द्या आणि यावेळी दारावर येऊन विचारा. ते गृहस्थ उत्तर देणार नाहीत असंही होईल. कदाचित रागावून लिहितील. मग खुलासे न करता वाचा, आणि 'तुमचं बरोबर आहे' यापलीकडे काही लिहू नका. किंवा, कुणी सांगावं, मला केव्हाच संशय आला होता म्हणतील. यातलं काय होईल ते तुमच्या हातात नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षं तुम्ही हे टाळलंत, असं मला वाटतं. माणसाला नकाराची जितकी भीती वाटते तितकी शिक्षेचीही वाटत नाही.

एका गोष्टीचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. हे सगळं महाभारत घडलं ते तुम्ही खिंडीतून मागे फिरलात म्हणून. सह्याद्रीत हिंडणाऱ्या कुणालाही विचारा: पाय थरथरायला लागल्यावर कड्याला हात न घालणारा माणूस शहाणा असतो. अलंग-मदन हे दोर आणि जाणकार सोबती असल्याशिवाय जायचे किल्ले नव्हेत, आणि दोर असूनही छाती धडधडली तर 'मी थांबतो' म्हणणं हे अवघड. ते तुम्ही केलंत! लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. बाकीचे वर गेलेत, आपण सॅकांच्या राशीशेजारी बसलोय, वरून हाका ऐकू येतायत, आणि आता घरी जाऊन काय सांगायचं हा विचार डोक्यात: हा धागा तुम्ही 2017 सालीच लिहिला असता तर लोकांनी तो मनापासून वाचला असता. अजूनही लिहिता येईल, पण घाई नको. त्या गृहस्थांचं आणि संपादकांचं काय ते होऊ द्या. नाहीतर माफीच्या पाठोपाठ लगेच सुंदर लेख आला तर तोही तुमच्या फायद्याचाच खेळ वाटेल. वर्षभरानं लिहा, फोटोंशिवाय लिहा.

बायकोला हे पत्र दाखवा. मढी उकरू नका म्हणणाऱ्या बायकांना बहुधा नवऱ्याचं हसं होऊ नये एवढंच वाटत असतं. तिला सांगा की कट्ट्यावर कुणीतरी ओळखून जे हसं होईल ते याहून मोठं असेल. तिनं पत्राचा खर्डा वाचला तर उत्तमच. तुमच्या कुठल्या वाक्यात तुम्ही स्वतःची बाजू सावरताय हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

कट्ट्याला जवळजवळ महिना आहे, म्हणजे पत्र या आठवड्यात गेलं पाहिजे, आदल्या दिवशी नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत येणाऱ्यांच्या यादीत नाव घालू नका. उत्तर आलंच नाही, तर त्या दिवशी कल्याणलाच थांबा.